हिंगोली जिल्ह्यातील छायाचित्र व्यवसाय

हिंगोली जिल्ह्यातील छायाचित्र व्यवसाय हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत प्रामुख्याने स्वतंत्र छायाचित्रकारांकडून चालविला जाणारा व्यवसाय आहे. वृत्तपत्र, शासकीय खाते किंवा अन्य संस्था यांच्या पगारी नोकरीत नसलेला, स्वतःच्या भांडवलावर कॅमेरा व इतर साहित्य घेऊन मागणीनुसार छायाचित्रे काढून देणारा कारागीर तो स्वतंत्र छायाचित्रकार होय. बोलीभाषेत त्यास ‘फोटोग्राफर’ किंवा नुसते ‘फोटोवाले’ म्हणतात. त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग लग्नसराईतून येतो. उरलेला भाग ओळखपत्रांची छायाचित्रे, शाळांचे गट-फोटो, सभासमारंभ, पंचनामे आणि वृत्तपत्रांना पुरविलेली छायाचित्रे यांतून मिळतो.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याच्या गावांतील माणसांचे, घरांचे, बाजारांचे आणि उत्सवांचे गेल्या काही दशकांतील जे दृश्य रूप कागदावर उतरले, त्यातील बहुतांश या लहान व्यावसायिकांनी टिपलेले आहे. मात्र त्या चित्रांवर कायद्याने हक्क कोणाचा आणि ती जपून ठेवण्याची जबाबदारी कोणाची, या दोन्ही बाबतीत छायाचित्रकाराची स्थिती दुबळी आहे.

इतिहास

छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर घोषणा १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे झाली. मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सदस्यांपैकी होत. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गातून तयार झालेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ काढून त्यावर उपजीविका करणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी एक मानले जातात.

हिंगोली त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती व तेथे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेची छावणी होती. त्यामुळे या प्रदेशाच्या छायाचित्रणाचा पूर्वेतिहास मुंबईपेक्षा हैदराबादशी अधिक जोडलेला आहे. संस्थानातील सर्वांत नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचा जन्म मेरठजवळील सरधना येथे झाला. रुरकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. छायाचित्रण हा आरंभी त्यांचा छंद होता. १८८५ मध्ये त्यांनी दीर्घ रजा घेतली आणि पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ हाच व्यवसाय पत्करला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली, तरी केवळ दरबारावर विसंबून न राहता त्यांनी सिकंदराबाद येथे आणि १८९६ मध्ये मुंबईत सर्वांसाठी खुले स्टुडिओ चालविले. पडद्यातील स्त्रियांसाठी १८९२ मध्ये हैदराबादेत स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईंकडे सोपविला. कायम पगार आणि पेन्शन सोडून कॅमेऱ्यावर पोट भरण्याचा त्यांचा निर्णय आजच्या मध्यमवर्गीय घरातही सहज मान्य होणार नाही.

मराठवाड्याशी त्यांच्या स्टुडिओचा संबंध दोन प्रकारे येतो. वेरूळच्या लेण्यांची चित्रे ही त्यांतील परिचित बाजू. दुसरी बाजू १८९९–१९०० च्या दुष्काळाची आहे. औरंगाबाद भागातील दुष्काळी मदतकार्याच्या छायाचित्रसंग्रहात मदतीच्या ठिकाणी आणलेली अस्थिपंजर माणसे समोर बसवून टिपलेली दिसतात. राजेरजवाड्यांच्या तसबिरींसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्टुडिओनेच ही चित्रे घेतली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९०३ मध्ये हैदराबाद कंटिन्जंट भारतीय लष्करात विलीन करण्यात आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. परीक्षेचे अर्ज, नोकरीचे अर्ज, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या अशा अनेक कारणांनी सामान्य माणसास स्वतःच्या छायाचित्राची गरज पडू लागली आणि तालुक्याच्या गावी स्टुडिओचा धंदा चालण्याइतके गिऱ्हाईक तयार झाले.

स्टुडिओ आणि अंधारखोली

जुन्या स्टुडिओचे दोन भाग असत. पुढच्या भागात रंगविलेला पडदा, एक खुर्ची किंवा स्टूल, दोन-तीन दिवे, भिंतीवर आरसा आणि त्याखाली कंगवा व पावडरचा डबा. मागे अंधारखोली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फोटो पुढच्या खोलीत निघे, पण छायाचित्रकाराचे खरे काम मागच्या खोलीत चाले.

चौकोनी चित्राच्या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या एका रोलवर बारा चित्रे निघत. म्हणून एका चेहऱ्यासाठी दुसरे चित्र घेणे हा खर्चाचा प्रश्न असे आणि डोळे मिटले तर ती छायाचित्रकाराची चूक ठरे. रोल अर्धवट राहिला तर बाकीची चित्रे संपेपर्यंत गिऱ्हाइकास थांबावे लागे. ‘परवा या’ हे उत्तर त्यामुळेच रूढ झाले. फिल्म पूर्ण अंधारात डेव्हलपरमध्ये धुतली जाई, मग हायपोच्या द्रावणात स्थिर केली जाई आणि दोरीवर चिमट्याने वाळत टाकली जाई. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाण्याचे तापमान राखणे कठीण असते. द्रावण गरम झाले तर चित्र अपेक्षेपेक्षा लवकर काळवंडते आणि फिल्मवरील थर मऊ पडून ओरखडे उठतात. म्हणून धुलाईचे काम पहाटे किंवा रात्री करण्याचा प्रघात होता. फिल्मवर बसलेला धुळीचा एक कण छापील चित्रात पांढरा ठिपका होऊन येई व तो बारीक कुंचल्याने भरावा लागे.

निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने केलेली दुरुस्ती, म्हणजे ‘रिटचिंग’, हे कौशल्याचे काम समजले जाई. चेहऱ्यावरील देवीचे व्रण, डोळ्यांखालील काळेपणा, कपाळावरील आठ्या याच पेन्सिलीने सौम्य केल्या जात. कृष्णधवल चित्रास हाताने रंग देण्याचीही पद्धत होती. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या निधनानंतर जुन्या गट-फोटोतून त्याचा चेहरा उचलून मोठा करणे, त्यास कोट किंवा फेटा चढविणे आणि भिंतीवरील तसबीर तयार करणे हे काम तर आजही येते. फक्त पेन्सिलीच्या जागी संगणक आला आहे. अनेक कुटुंबांत आजी-आजोबांचे एवढे एकच चित्र असते आणि त्यातील कोट त्यांनी आयुष्यात कधी घातलेला नसतो.

उदगमंडलम येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीची ‘इंदू’ ही देशी फिल्म व कागद दीर्घकाळ वापरात होता. रंगीत फिल्म आल्यावर अंधारखोलीचे महत्त्व ओसरू लागले. रंगीत धुलाईस काटेकोर तापमान आणि महागडे यंत्र लागते. ते लहान गावात परवडणारे नव्हते. रोल मोठ्या शहरातील कलर लॅबकडे पाठवावा लागे आणि छायाचित्रकाराच्या हातून कामाचा अर्धा भाग, त्याबरोबर अर्धी मजुरीही निघून गेली. डिजिटल कॅमेऱ्याआधीच हा बदल घडून गेला होता, याकडे सहसा दुर्लक्ष होते.

लग्नसराई आणि उधारी

कार्तिकातील तुळशीच्या लग्नानंतर लग्नतिथी सुरू होतात आणि ज्येष्ठापर्यंत चालतात. चातुर्मासात काम जवळजवळ थांबते. म्हणजे वर्षाच्या सात-आठ महिन्यांतील मोजक्या तिथींवर संपूर्ण वर्षाचा घरखर्च उभा राहतो. दाट तिथीला एकाच छायाचित्रकाराकडे दोन-तीन ऑर्डरी येतात. त्या नाकारल्या तर ते घर कायमचे दुसऱ्याकडे जाते. म्हणून तो ओळखीच्या छायाचित्रकारास रोजाने पाठवितो. हाच व्यवहार पुढच्या तिथीस उलट दिशेने होतो. व्यवसायातील स्पर्धक हेच एकमेकांचे मदतनीस असण्याचा हा प्रकार लहान गावांत विशेष आढळतो. सारख्याच कॅमेऱ्यांच्या लेन्स परस्परांना वापरता येतात, हाही त्यामागचा एक हिशेब असतो.

लग्नाच्या दिवशी काम हळदीपासून सुरू होऊन पाठवणीपर्यंत चालते. अक्षता पडण्याचा क्षण, गळ्यात हार पडण्याचा क्षण, कन्यादान, सप्तपदी ही चित्रे चुकली तर पुन्हा घेता येत नाहीत. वऱ्हाडी मंडळी वधूवरांभोवती एवढी गर्दी करतात की अनुभवी छायाचित्रकार आधीच भटजींशी बोलून आपली जागा ठरवून ठेवतो. निकाह, बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय, बंजारा तांड्यावरील लग्न या प्रत्येकाचा क्रम निराळा असतो आणि तो माहीत असणे हे कॅमेरा चालविण्याइतकेच आवश्यक असते. आहेर देताना प्रत्येक पाहुण्याचे चित्र घ्यावेच लागते. कलेच्या दृष्टीने ही चित्रे नीरस असली तरी अल्बम हाती आल्यावर नातेवाईक प्रथम तीच शोधतात. एखादा मामा किंवा आत्या राहून गेली तर त्याचा रोष छायाचित्रकारावर निघतो.

पैशांचा व्यवहार तीन टप्प्यांत होतो. ठरविताना इसार, लग्नाच्या दिवशी किंवा आसपास काही रक्कम आणि अल्बम दिल्यावर बाकी. अडचण तिसऱ्या टप्प्यात येते. अल्बम छापण्यापूर्वी शेकडो चित्रांतून घरच्यांनी निवड करावयाची असते. लग्नाचा उत्साह सरलेला असतो, मुलगी सासरी आणि मुलगा कामाच्या गावी गेलेला असतो. निवड महिनोन्‌महिने रखडते आणि तिच्याबरोबर बाकीही. पहिले मूल रांगू लागल्यावर अल्बम नेण्यास आलेली जोडपी या व्यवसायात नवलाची नाहीत. अल्बम अडवून ठेवणे एवढेच छायाचित्रकाराचे तारण असते, पण अल्बमची निकड संपली की त्या तारणाची किंमतही संपते.

वसुलीचा संबंध शेतीच्या उत्पन्नाशी आहे. हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत भागात, हळदीचे पीक महत्त्वाचे आहे आणि हिंगोली व वसमत येथील बाजारपेठा हळदीसाठी प्रसिद्ध आहेत. हळद काढून, शिजवून, वाळवून बाजारात येईपर्यंत उन्हाळा लागतो. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि कापसाचा त्यानंतर येतो. शेतकऱ्याच्या घरातील लग्नाची बाकी याच वेळापत्रकाने फिटते. भाव पडला किंवा अवकाळी पाऊस झाला तर ती पुढच्या हंगामावर जाते. बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या कर्जावर घेतलेल्या कॅमेऱ्याचा हप्ता मात्र दरमहा भरावा लागतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा लग्नसराई ऐन भरात होती. एप्रिल २०२१ मधील राज्य शासनाच्या आदेशाने लग्नास पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली गेली. सलग दोन उन्हाळे बुडाल्याने हा व्यवसाय वर्षभराच्या पुंजीवर किती अवलंबून आहे हे स्पष्ट झाले.

उत्सव

औंढा नागनाथ येथील ज्योतिर्लिंगाची महाशिवरात्रीची यात्रा, संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या नर्सी येथील यात्रा, हिंगोलीच्या रामलीला मैदानावरील दसरा महोत्सव आणि अनंत चतुर्दशीस मोदकाच्या नवसासाठी होणारी हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीची गर्दी हे जिल्ह्यातील छायाचित्रणाचे प्रमुख प्रसंग होत. पूर्वी जत्रेत चित्रविचित्र पडद्यांसमोर, लाकडी मोटारीत किंवा कागदी चंद्रकोरीवर बसवून फोटो काढणारे तंबू असत. मोबाइल फोनमुळे तो धंदा जवळजवळ नाहीसा झाला. दसऱ्यास इतर कारागिरांच्या हत्यारांप्रमाणे कॅमेऱ्याचीही पूजा केली जाते.

ओळखपत्रे, पंचनामे आणि न्यायालय

निवडणूक आयोगाने १९९३ मध्ये छायाचित्रासह मतदार ओळखपत्राचा निर्णय घेतला. त्याआधीपासूनच अर्जांवर चिकटविण्याची लहान छायाचित्रे हे स्टुडिओचे रोजचे, नगदी आणि बिनउधारीचे काम होते. आधार योजनेत छायाचित्र नोंदणी केंद्रावरच यंत्राने घेतले जाते. पुढे अनेक शासकीय कामांत हीच पद्धत आली आणि हे काम घटले. विवाह नोंदणीच्या अर्जास मात्र लग्नाचे छायाचित्र जोडावे लागते. तेव्हा बाकी थकविलेले गिऱ्हाईकही स्टुडिओची पायरी चढते.

अपघात, आकस्मिक मृत्यू, चोरी, आग अशा प्रसंगी पंचनाम्यासाठी पोलिसांकडून खाजगी छायाचित्रकारास बोलाविण्याची पद्धत होती व काही प्रमाणात आहे. दगावलेल्या जनावराच्या विम्यासाठी, घराची पडझड किंवा पिकाचे नुकसान दाखविण्यासाठीही चित्रे लागत. या कामास वेळकाळ नसतो. विहिरीतून काढलेले प्रेत रात्री दिव्याच्या उजेडात टिपणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बारशाच्या ऑर्डरीवर उभा असतो. शिवाय खटला उभा राहिल्यावर साक्षीसाठी समन्स येते. ते चित्र आपणच काढले आणि त्यात फेरफार केला नाही, असे काही वर्षांनी शपथेवर सांगावे लागते. फिल्मच्या काळात मूळ निगेटिव्ह हा त्याचा पुरावा असे. डिजिटल चित्रासोबत आता विहित प्रमाणपत्र लागते. ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे चित्रीकरण शक्यतो मोबाइल फोनवर करावयाचे असल्याने, निदान त्या कामापुरती बाहेरच्या छायाचित्रकाराची गरज कमी झाली आहे.

डिजिटल बदल

डिजिटल कॅमेऱ्याने रोलचा खर्च संपविला, पण चित्रांची संख्या अनेक पटींनी वाढविली. बारा किंवा छत्तीस चित्रांत आटोपणारे प्रसंग आता शेकडो चित्रांत नोंदले जातात आणि ती निवडण्यात, रंग सुधारण्यात, अल्बमची पाने जुळविण्यात रात्री जातात. या कामाचे मोल गिऱ्हाइकास दिसत नाही, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे फोटो लग्नातच निघून झालेला असतो. लग्नापूर्वीचे चित्रीकरण, ‘कॅन्डिड’ पद्धत, ड्रोन हे नवे प्रकार रूढ झाले. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या सर्वांत लहान गटास चालक-प्रमाणपत्राची सक्ती नाही, त्याहून मोठे ड्रोन व्यावसायिक कामास वापरताना ते लागते.

दर काही वर्षांनी कॅमेरा बदलावा लागणे हा नवा भार आहे. फिल्मचा कॅमेरा वीस-पंचवीस वर्षे चाले व बापाचा मुलास मिळे. आता कॅमेऱ्याचे नाव आणि मॉडेल गिऱ्हाईकच ऑर्डर देताना विचारते.

हक्क

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्या चित्राची ‘कर्ता’ असते. पण कर्ता आणि मालक एकच असतील असे नाही. याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि उलट करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरीतील चित्रांचा हक्क, लेखी करार नसल्यास, ऑर्डर देणाऱ्याकडे जातो. त्यापूर्वीच्या १९१४ च्या कायद्यात मूळ निगेटिव्हच्या मालकास कर्ता मानले जाई. ‘निगेटिव्ह माझी, म्हणून फोटो माझा’ ही व्यवसायात आजही ऐकू येणारी समजूत त्या जुन्या व्यवस्थेशी जुळते, चालू कायद्याशी नाही.

याचे परिणाम रोजच्या व्यवहारात दिसतात. एखाद्या नवरीचे उत्तम चित्र दुकानाच्या पाटीवर किंवा समाजमाध्यमावर जाहिरातीसाठी वापरावयाचे तर संबंधित कुटुंबाची संमती आवश्यक ठरते. छायाचित्रकाराने स्वतःहून, कोणी न सांगता काढलेली चित्रे, उदाहरणार्थ कयाधू नदीचा पूर, बाजाराचा दिवस, यात्रेतील वारकरी, ही मात्र त्याचीच राहतात. वृत्तपत्रात अशी चित्रे नावाशिवाय छापली जाण्याच्या तक्रारी जुन्या आहेत. कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क छायाचित्रकाराकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठीची वेगळी मुदत रद्द झाली आणि इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षांपर्यंत संरक्षण मिळू लागले. इसाराच्या पावतीवर दोन ओळी लिहून घेतल्या तरी बराचसा वाद टळू शकतो; पण ओळखीपाळखीवर चालणाऱ्या व्यवहारात कागद पुढे करणे अविश्वासाचे मानले जाते.

जतन

राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओत निगेटिव्हना क्रमांक देण्याची पद्धत होती. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने विकत घेतल्या. तालुक्याच्या गावातील स्टुडिओच्या निगेटिव्हला असा वाली नसतो. दुकान बंद झाले, जागा बदलली किंवा मालक वारला की खोक्यांत भरलेल्या निगेटिव्ह माळ्यावर जातात. पावसाळ्याच्या दमटपणात त्यांवर बुरशी धरते, फिल्म एकमेकींस चिकटते, आणि पुढे त्या भंगारात निघतात. फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठी निगेटिव्ह विकत घेणारेही असत. डिजिटल चित्रांची अवस्था याहून बरी नाही. अल्बम दिल्यानंतर हार्ड डिस्क रिकामी करून पुढच्या हंगामासाठी वापरली जाते, आणि गिऱ्हाइकास दिलेल्या पेन ड्राइव्हवरील चित्रे तो बिघडला की जातात.

जुन्या निगेटिव्ह टिकविण्यासाठी त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी आम्लविरहित कागदी पाकिटांत, कोरड्या व थंड जागी ठेवाव्यात आणि पाकिटावर पेन्सिलीने गाव, प्रसंग व वर्ष लिहावे, अशी पद्धत संग्रहालयांत पाळली जाते. हे तपशील नसतील तर चित्र राहूनही त्यातील माणसे अनोळखी होतात. लग्नाच्या जुन्या निगेटिव्हच्या पाकिटावर बहुधा नवरदेवाच्या वडिलांचे आडनाव, गावाचे नाव आणि राहिलेली बाकी एवढेच लिहिलेले असते.